‘एफ’चा रकाना

सिकलसेलचा एचपीएलसी रिपोर्ट हातात पडला की डॉक्टर असोत, आशाताई असोत की पेशंटचे वडील, सगळ्यांची नजर ‘एस’कडे धावते. एस तीस-पस्तीस टक्के आणि ‘ए’ त्याहून जास्त असेल तर वाहक, म्हणजे पिवळं कार्ड. एस सत्तरच्या पुढे आणि ए औषधालाही नाही, तर लाल कार्ड. निकाल कळला की कागदाची घडी होते आणि तो खिशात जातो. त्याच कागदावर, वरच्याच ओळीत, आणखी एक आकडा छापलेला असतो. ‘एफ’. तो वाचायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. मी नाशिकच्या एका लॅबमध्ये हिमोग्लोबिनचे हे प्रकार मोजणारं एचपीएलसीचं यंत्र चालवते आणि मला मात्र आधी एफच दिसतो. ही सवय नाशिकने लावलेली नाही. मुंबईतल्या माझ्या पहिल्या नोकरीत मी उंदराच्या पेशी सांभाळायचे, तिथून ती आली.

एमएस्सी झाल्यावर मी तिथल्या एका संशोधन संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले होते. काम ‘मेल’ पेशींचं. शार्लट फ्रेंड या अमेरिकी संशोधक बाईंनी १९५७ साली उंदरात रक्ताचा कर्करोग घडवणारा एक विषाणू जगासमोर आणला. त्या विषाणूने बिघडलेल्या प्लीहेतल्या पेशी पुढे प्रयोगशाळांनी वाढवल्या, त्या या मेल पेशी. तांबडी रक्तपेशी व्हायच्या वाटेवर मध्येच अडकून पडलेल्या. ना पुढे जातात, ना मरतात, नुसत्या वाढत राहतात. १९७१ साली फ्रेंडबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यांच्या खाद्यात थोडं डीएमएसओ घातलं की या पेशींना वाट सापडते. त्या वाढायच्या थांबतात आणि हिमोग्लोबिन बनवायला लागतात.

डीएमएसओ म्हणजे एक तेलकट, रंगहीन द्रव. साडेअठरा अंशांच्या खाली ते गोठतं, त्यामुळे एसीच्या खोलीत सकाळी बाटली उघडावी तर आत काचेसारखा गठ्ठा. मग ती तळव्यात धरून बसायचं. हाताला चुकून थेंब लागला तर थोड्या वेळाने तोंडाला लसणासारखी चव येते, कारण ते कातडीतून सरळ आत जातं. वरिष्ठ मंडळी नव्या मुलींना हे आधी सांगत नसत, चव आली की मग हसत.

पेशी ज्या खाद्यात वाढतात ते मुळातच गुलाबी असतं, त्यामुळे फ्लास्ककडे बघून काही कळत नाही. रोज थोडा नमुना काढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा आणि ट्यूबच्या टोकाशी बसलेला पेशींचा ठिपका उजेडाकडे धरून बघायचा. पहिल्या दिवशी तो सायीसारखा पांढुरका. तिसऱ्या दिवशी जरा रंग आल्यासारखा वाटतो, पण तो खरा की आपल्या मनाचा, सांगता येत नाही. पाचव्या दिवशी मात्र शंकेला जागा नसते: विटकरी, तांबडा, चक्क रक्ताच्या रंगाचा. त्या पेशींना कोणी हिमोग्लोबिन दिलेलं नसतं. त्यांनीच ते बनवलेलं असतं.

हा हुकूम नेमका कोण देतं, हा प्रश्न मला तेव्हा पुस्तकातला वाटायचा नाही, कारण तो रोज ट्यूबच्या टोकाशी दिसायचा. उत्तराचा मोठा भाग याच मेल पेशींतून निघाला होता. १९९३ साली न्यूयॉर्कमध्ये मिलर आणि बीकर यांनी या पेशींमध्ये चालू असणारी आणि उंदराच्याच मॅक्रोफेज जातीच्या पेशींमध्ये बंद असणारी जनुकं वेगळी काढली. त्यातलं एक तांबड्या पेशींच्या घराण्यापुरतंच होतं. त्याला त्यांनी ईकेएलएफ म्हटलं. आज त्याचं नाव केएलएफ-१. हे जनुक जे प्रथिन बनवतं ते स्वतः हिमोग्लोबिनमध्ये जात नाही. ते डीएनएवर ठरावीक जागी बसतं आणि शेजारचं जनुक चालू करतं. प्रौढ हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकापाशी त्याची हक्काची जागा आहे. १९९५ साली दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरातून हे जनुक पूर्ण काढून टाकलं आणि दोघांचे निबंध ‘नेचर’च्या एकाच अंकात आले. दोघांचा निष्कर्ष एक: पिल्लं पोटात काही दिवस धड वाढतात, पण यकृतात रक्त तयार व्हायची वेळ आली की पांढरीफटक पडतात आणि जन्माआधीच मरतात. उंदराचं गरोदरपण जेमतेम तीन आठवड्यांचं. ती सोळाव्या दिवसाच्या पुढे जात नाहीत.

आमच्याकडे असले जनुक काढलेले उंदीर नव्हते. माझं काम पेशींतून आरएनए काढायचं आणि कोणत्या दिवशी केएलएफ-१ किती चढलं ते मोजायचं. जेलवर एक पट्टी उमटायची, तिचा फोटो काढून वहीत डकवायचा. पुढे घरच्या कारणाने नाशिकला परतले. इथे उंदराच्या पेशींना कोण विचारतो? रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये जागा होती, ती घेतली.

इथलं यंत्र एका सॅम्पलला साडेसहा मिनिटं घेतं. रक्त फोडून ते एका बारीक नळकांड्यातून ढकललं जातं, वेगवेगळी हिमोग्लोबिनं वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि पडद्यावर एकेक शिखर उभं राहतं. एक मिनिट होऊन जरा गेलं की एफ. मग ए. साडेतीन मिनिटांच्या आसपास ए-टू. साडेचारला एस. निरोगी मोठ्या माणसाचा एफ एक टक्क्याच्या आतबाहेर, म्हणजे शिखर कसलं, टेकाडसुद्धा नाही. पहिल्या काही आठवड्यांत माझ्या लक्षात आलं की सुरगाणा, पेठ, कळवण, हरसूल भागातून येणाऱ्या लाल कार्डवाल्यांच्या आलेखात सुरुवातीलाच एक ठसठशीत शिखर उभं असतं. पंधरा टक्के, अठरा, कधी वीसच्याही पुढे. मला माझी मुंबईची वही आठवली, कारण एफ मोठेपणी बंद का होतो या प्रश्नाच्या मुळाशी हेच केएलएफ-१ बसलेलं आहे.

एफ म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन. पोटातल्या बाळाचं रक्त बहुतांशी याच्यावर चालतं. जन्मानंतर काही महिन्यांत त्याची जागा ए घेतो. ज्या बाळाला आईवडील दोघांकडून सिकलचं जनुक आलंय त्याच्यात एची जागा एस घेतो, आणि म्हणूनच अशी बाळं पहिले पाच-सहा महिने ठणठणीत असतात. हे ब्रुकलिनच्या डॉ. जेनेट वॉटसन यांनी १९४८ सालीच हेरलं होतं. एसचे रेणू प्राणवायू सुटला की एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. एफचा रेणू त्या दोऱ्यात गुंफला जात नाही, मध्ये आला की दोरा तुटतो. म्हणजे एसच्या रकान्यावरून आजार आहे की नाही ते कळतं, आणि तो माणसाला किती छळेल याचा अंदाज बराचसा एफवरून येतो. बराचसा म्हटलं, पूर्ण नाही. एफ चढा असूनही आयसीयूत गेलेले पेशंट मी पाहिलेत.

आपल्याकडच्या सिकलसेलवाल्यांचा एफ चढा का, याचं उत्तर ठाऊक आहे. एसचं जनुक ज्या डीएनएच्या तुकड्यासोबत इथे पिढ्यान्पिढ्या चालत आलं त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात, कारण तोच प्रकार सौदी अरेबियाच्या पूर्व भागातही सापडतो. आफ्रिकेतल्या बहुतेक प्रकारांपेक्षा यात एफ जास्त राहतो. भारतात सिकलसेल पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ साली, निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत. आपल्याकडे विदर्भातल्या नोंदी १९५८ पासूनच्या. त्यानंतर बरीच वर्षं ‘भारतीय सिकलसेल सौम्य’ हे वाक्य पुस्तकांतून फिरत राहिलं. माझं मत विचाराल तर या वाक्याने फार नुकसान केलं. सरासरी सौम्य असेल. सरासरीला दुखत नाही.

एका घरातले भाऊ-बहीण आमच्याकडे येतात. गाव सुरगाणा तालुक्यातलं, याहून जास्त सांगत नाही. दोघांचं कार्ड लाल. आईवडील तेच, डोंगर तोच, ताटातली नागलीची भाकरही तीच. भावाचा एफ २४, बहिणीचा ९. भाऊ दर वर्षी ऑक्टोबरात गोडी छाटणीला मजुरांच्या टोळीबरोबर दिंडोरी-निफाडकडे उतरतो आणि द्राक्षाची काढणी संपेपर्यंत तिकडेच असतो. बहीण आश्रमशाळेत होती, पण वर्षात दोन-तीनदा तरी हातपाय ठणकतात, डोळे पिवळे होतात, सलाईन लागतं, शाळा बुडते. घरच्यांनी तिला ‘पहिल्यापासून नाजूक’ ठरवून टाकलेलं. भगताकडे नेऊन झालं, दृष्ट काढून झाली. मुलगी कामाला कंटाळते असंही एक आत्या सांगून गेली.

मी तिच्या वडिलांना दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवले. म्हटलं, “दादा, एसकडे बघू नका. दोघांचा सत्तरच्या पुढेच आहे. हे वरचं बघा.” ते बराच वेळ कागद न्याहाळत होते. मग म्हणाले, “म्हणजे हिचा दोष नाही.” मी म्हटलं, “नाही.” आईकडे वळून त्यांनी तेच परत सांगितलं. आई काही बोलली नाही, पण पुढच्या खेपेला मुलीला घेऊन ती एकटीच आली, टोळीला सुट्टी टाकून.

भावाचंही सगळं आलबेल नाही. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे, दर डिसेंबरात तिथल्या पाऱ्याची बातमी येते. द्राक्षबागेत त्याच सुमारास मण्यांच्या घडांना संजीवकात बुडवायचं काम चालतं. पहाटे, ओल्या हातांनी, एकेक घड मगात बुडवून सोडायचा. सिकलच्या पेशीला गारठा चालत नाही, पाणी कमी पडलेलं चालत नाही, दमछाक चालत नाही, आणि टोळीत हे तिन्ही एकत्र असतात. लघवीला जावं लागू नये म्हणून बायका तर दिवसदिवस पाणी पीत नाहीत. २४ टक्के एफ असलेला तो मुलगा एका जानेवारीत छातीत दुखतंय म्हणून सिव्हिलला आला होता. बागायतदाराने गाडी करून पाठवला हे त्यातलं चांगलं. मुकादमाला आता सांगून ठेवलंय की याला डिपिंगला लावू नका, थिनिंगला, म्हणजे मणी विरळायला, ऊन पडल्यावर लावा. तो पाळतो की नाही, देव जाणे.

एकाच आईबापांच्या पोटी असा फरक कुठून आला? इथे उंदीर परत येतो, पण सरळ वाटेने नाही. उंदराला आपल्यासारखं गर्भातलं वेगळं हिमोग्लोबिन नसतं. त्याचा गर्भ अगदी सुरुवातीच्या हिमोग्लोबिनवरून थेट प्रौढ हिमोग्लोबिनवर उडी मारतो, मधला एफचा टप्पाच नाही. त्यामुळे १९९५ च्या उंदरांनी सांगितलं ते इतकंच, की केएलएफ-१ नसेल तर प्रौढ हिमोग्लोबिन बनत नाही आणि जीव जगत नाही. दोनपैकी एकच प्रत गेलेले उंदीर धडधाकट होते, म्हणून त्यांच्याकडे फारसं कोणी वळून पाहिलं नाही. माणसातली गोष्ट २०१० साली पुढे आली. माल्टा बेटावरच्या एका कुटुंबात काही जणांचा एफ मोठेपणीही चढाच होता, तब्येतीची तक्रार मात्र नाही. त्यांच्यात केएलएफ-१ ची एक प्रत बिघडलेली निघाली. त्याच सुमारास हेही उलगडलं की केएलएफ-१ दोन कामं करतं. प्रौढ बीटा साखळीला स्वतः हाक मारतं, आणि बीसीएल-११ए नावाच्या दुसऱ्या जनुकाला कामाला लावतं, जे एफचं दार बंद करतं. केएलएफ-१ अर्धं झालं की हा दरवानही अर्ध्या पगारावर येतो आणि एफ गळत राहतो.

मुंबईत मी हे जनुक जितकं चढेल तितकं चांगलं असं समजून मोजत होते. ट्यूबमध्ये तांबडं यायला हवं, तर तेच बरोबर. नाशिकला आल्यावर उलटं वाचायला शिकले. उंदरातून पूर्ण गेलं तर पिल्लू पोटात मरतं. माणसात अर्धं गेलं आणि घरात सिकल असेल, तर ती घट अंगाला लागते. बीसीएल-११ए मध्ये आणि आणखी एक-दोन ठिकाणी असे बारीक फरक असतात. त्यातले काही भावाकडे आले आणि बहिणीकडे आले नाहीत, एवढा अंदाज या दोन रिपोर्टांवरून बांधता येतो. नेमके कोणते, ते सांगायला जनुकांची तपासणी लागते. त्या घराला ती परवडणार नाही आणि तिने उपचारही बदलणार नाहीत, म्हणून मी तो विषय त्यांच्यापुढे काढलेला नाही.

केएलएफ-१ चा संशय येण्याजोगा रिपोर्ट मात्र एकदा माझ्या हातात आला, आणि तोही सिकलसेलचा नव्हे. शहरातल्या एका गरोदर बाईंच्या नवऱ्याचं सॅम्पल होतं. थॅलेसेमियाची चाचणी म्हणून डॉक्टरीणबाईंनी पाठवलेलं. थॅलेसेमियाचा वाहक ज्यावरून ओळखतात तो ए-टू ३.७, म्हणजे ना धड नॉर्मल ना धड वाहक. एफ ४ च्या पुढे. हिमोग्लोबिन पंधरा, पेशींचा आकार किंचित लहान. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, “मला हो की नाही सांगा.” मी म्हटलं, मॅडम, या माणसाच्या बाबतीत हो की नाही असं एका शब्दात सांगता येणार नाही. लोह कमी असलं की ए-टू खाली उतरतो, बी-१२ कमी असलं की वर चढतो, आणि केएलएफ-१ ची एक प्रत बिघडली असली की ए-टू आणि एफ दोन्ही असे उंबरठ्यावर येऊन बसतात. थॅलेसेमिया मुबलक असलेल्या दक्षिण चीनमध्ये अशी माणसं पुष्कळ सापडलीत. आपल्याकडेही सापडतात. मी रिपोर्टखाली दोन ओळींची टीप लिहिली आणि बायकोचं सॅम्पल मागवलं. ते स्वच्छ नॉर्मल निघालं. बाळाला धोका नाही, फाइल बंद. डॉक्टर म्हणून त्यांचं बरोबरच होतं. माझ्यातल्या जुन्या प्रोजेक्ट असिस्टंटला मात्र ती ट्यूब फेकवत नव्हती. सात दिवस फ्रिजमध्ये ठेवली, मग नियमाप्रमाणे टाकली.

रक्तपेढीवाल्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, हे जनुक आमच्याकडेही आहे.” त्याचं म्हणणं खरं आहे. १९७३ साली मुंबईत बडाकेरे, जोशी, भाटिया आणि सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट शोधला आणि त्याला देशाचंच नाव मिळालं, ‘इंडियन’. बॉम्बे रक्तगटाएवढं त्याचं नाव झालं नाही. तो पेशीवरच्या सीडी-४४ या प्रथिनावर असतो, आणि केएलएफ-१ मधल्या एका विशिष्ट बिघाडात पेशीवरून हे प्रथिनच जवळजवळ नाहीसं होतं. अशा रुग्णाच्या रक्तात केंद्रक न टाकलेल्या कच्च्या तांबड्या पेशींची झुंबड असते. लीशमनने रंगवलेल्या काचेवर एखादी दिसली तरी मी लिहून ठेवते. शंभरच्या हिशेबात दिसणं काय असेल, याची कल्पना करवत नाही. जगात असे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नोंदले गेलेत.

कॅम्पच्या कामात हे सगळं बाजूला ठेवावं लागतं. आश्रमशाळेत रांग असते, पोरं एकमेकांना ढकलत बोटं पुढे करतात, मोठी मुलं ‘काही नाय होत’ म्हणून लहानांना घाबरवतात. तिथे चालते ती विद्राव्यता चाचणी. डायथायोनाइट घातलेलं द्रावण ट्यूबमध्ये घ्यायचं (याला असा वास येतो की पोरं नाक धरून पळतात), त्यात रक्ताचा थेंब, पाच मिनिटं थांबायचं आणि ट्यूब काळ्या रेघांच्या कागदासमोर धरायची. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. गढूळ झालं आणि रेघा बुडाल्या तर एस आहे. तो एकेरी की दुहेरी, हे ही ट्यूब सांगत नाही, म्हणून पॉझिटिव्ह मुलांची जांभळ्या झाकणाची ट्यूब भरून आमच्याकडे येते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही चाचणी करायचीच नाही, कारण तेव्हा एफ इतका असतो की एस लपून राहतो. हे प्रशिक्षणात दर वेळी सांगावं लागतं.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांतल्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं लक्ष्य. त्यानंतर हातोहात निकाल देणारी छोटी किट आली. पट्टीवर थेंब टाका, ए आणि एसच्या रेघा बघा, झालं. सुरगाण्याच्या पलीकडच्या पाड्यावर वीज नसताना हे किट फार कामाचं आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याच्यावर एफचा टक्का नाही. किती लोकांना आहे ते कळतं आणि तक्ता भरतो. ज्याला आहे त्याला पुढच्या थंडीत काय होणार, याचा रकाना त्या तक्त्यात नाही. लाल कार्ड निघालं की प्रत्येकाचं एकदा तरी एचपीएलसी झालंच पाहिजे आणि एफ कार्डावर लिहिलाच पाहिजे, हे मी प्रत्येक बैठकीत बोलते. एक साहेब एकदा म्हणाले, “ताई, तुमचं ते एफ एफ चालूच असतं.” चालूच राहणार.

कार्डांचा दुसरा उपयोग लग्नात. ‘लग्नाआधी कार्ड जुळवा’ असं भिंतीवर लिहिलेलं असतं. दोन पिवळी कार्डं एकत्र आली तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक लाल होण्याची शक्यता, हिशेब चोख आहे. प्रत्यक्षात लपवलं जातं ते मुलीचं कार्ड, आणि मोडतं ते मुलीचं लग्न. मुलाचं पिवळं कार्ड विचारायला कोणी जात नाही.

उपचारांचं म्हणाल तर, त्यांच्या मुळाशी असलेल्या बीसीएल-११ए शी माझी ओळख मुंबईत कागदावरच झाली होती. २०११ साली अमेरिकेतल्या ऑर्किन यांच्या गटाने सिकलसेलचा आजार आणि माणसाचं हिमोग्लोबिन दोन्ही घातलेल्या उंदरांत फक्त तांबड्या रक्तपेशींपुरतं बीसीएल-११ए बंद केलं आणि उंदरांचा आजार हटला. आमच्या चहाच्या टेबलावर तो निबंध हातोहात फिरला होता. त्या धाग्यावरूनच पुढे रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशी बाहेर काढून, त्यातला बीसीएल-११ए चा तांबड्या रक्तपेशींपुरता खटका कापून परत घालण्याचा उपचार आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने त्याला मान्यता दिली. किंमत अमेरिकेत २२ लाख डॉलर. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने ‘बिरसा १०१’ नावाचा स्वस्त जनुकीय उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला आणि त्यासाठी पुण्याच्या सीरमशी करार झाला. व्हावा. मी वाट पाहते आहे.

तोवर हायड्रॉक्सीयुरिया आहे. जुनं, कॅन्सरसाठी आलेलं औषध. सिकलसेलसाठी अमेरिकेत १९९८ साली मान्य झालं. त्या २२ लाख डॉलरच्या उपचाराने जे होतं तेच, म्हणजे एफ वाढवणं, ही साधी कॅप्सूल ओबडधोबडपणे करते. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं की आपल्या मुलांना किलोमागे रोज १० मिलिग्रॅमसारखा कमी डोसही उपयोगी पडतो. अमेरिकेतल्यासारखं डोस चढवत नेण्याची गरज सगळ्यांना नसते. सरकारी कार्यक्रमात ती फुकट मिळते. अडचण दोन ठिकाणी आहे. घरच्यांना ‘कॅन्सरची गोळी’ कोणीतरी सांगतं आणि ती माळ्यावर जाते. दुसरं म्हणजे, कॅप्सूलने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येऊ शकतात, म्हणून ठरावीक दिवसांनी सीबीसी करावी लागते, आणि सीबीसीचं यंत्र सगळीकडे चालू असतंच असं नाही.

त्या मुलीला कॅप्सूल सुरू झाली. पहिल्यांदा बदलतो तो पेशीचा आकार, एमसीव्ही चढतो. त्यावरून कॅप्सूल खरंच पोटात जाते की माळ्यावर, तेही कळतं. एफ सावकाश उठतो. तिचा ९ वरून १६ वर आला तेव्हा मी तिकडच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, एफ वाढला ते छान, पण माझ्याकडचं काउंटरचं रीएजंट संपलंय, आता सीबीसी कुठे करू?” शेवटी असं ठरलं की तिकडची परिचारिका महिन्यातून एकदा चार-पाच मुलांच्या ट्यूबा थर्मासच्या डब्यात भरून सकाळच्या एसटीने देईल. ईडीटीएचं रक्त सीबीसीला चोवीस तास चालतं, एचपीएलसीला थंड ठेवलं तर आठवडाभर. कंडक्टर ओळखीचे झालेत. डबा निमाणी बस स्टँडवर उतरतो, आमचा पोऱ्या सायकलवर घेऊन येतो, आणि दुपारपर्यंत मी आकडे व्हॉट्सअॅपवर टाकते: आधी पांढऱ्या पेशी, मग प्लेटलेट, मग एमसीव्ही. तीन महिन्यांनी एफ. गेल्या खेपेला डब्यात एक ट्यूब जास्त होती, चिठ्ठीवर भावाचं नाव. खाली लिहिलं होतं: याचाही एफ बघा म्हणतो, टोळीला जायच्या आधी.